लांब किल्लीचे खोटे समाधान

संगणकाच्या सुरक्षिततेवरचा कोणताही लोकप्रिय लेख उघडला की त्यात एक वाक्य हमखास भेटते: 'ही किल्ली १२८ बिटांची आहे, सगळ्या शक्यता एकेक करून तपासायच्या म्हटल्या तर विश्वाचे वयही अपुरे पडेल.' वाक्य आकर्षक आहे. घातांकाचा पाठ चालू असेल तर वर्गात ते फार उपयोगीही पडते. आम्ही स्वतः ते वर्गात आणि लिखाणातही अनेकदा वापरले आहे. आज मात्र त्या वाक्याविषयीच आमची तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत आम्ही स्वतःलाही धरतो.

तक्रार अशी की या वाक्यातले गणित बरोबर असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा ठरतो. किल्ली किती लांब आहे एवढेच हे वाक्य सांगते. ती किल्ली कशी निवडली, याबद्दल ते मौन पाळते. गेल्या तीस वर्षांत संगणकीय कुलपे फुटल्याच्या ज्या घटना गाजल्या, त्यांतल्या कित्येकांत किल्ली पुरेशी लांब होती आणि कुलपाचे गणितही निर्दोष होते. चूक झाली होती ती किल्ली निवडण्याच्या पद्धतीत.

आधी लांबीची बाजू

लांबीचा मुद्दा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. १२८ बिटांची किल्ली म्हणजे शून्य आणि एक यांची १२८ स्थानांची रांग. अशा वेगवेगळ्या रांगा २ चा १२८ वा घात इतक्या होतात. ही संख्या एकोणचाळीस अंकी आहे. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र बनवले तरी सगळ्या तपासायला एकावर एकोणीस शून्ये इतकी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे वाक्यातली तुलना उलट सौम्यच आहे.

किल्ली आखूड असेल तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. अमेरिकेत बरीच वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या 'डेस' या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती. जुलै १९९८ मध्ये एका खास बनवलेल्या यंत्राने सगळ्या शक्यता चाळत ती ५६ तासांत शोधून दाखवली. तेव्हा किल्लीला लांबी हवीच. प्रश्न आहे तो तेवढ्याने पुरते का, हा.

आता एक साधे उदाहरण घेऊ. सहा अंकी पिनच्या शक्यता दहा लाख. पण एखाद्याने पिन म्हणून जन्मतारीख घेतली, दोन अंक दिवसाचे, दोन महिन्याचे, दोन वर्षाचे, तर शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून शक्यता उरतात फक्त ३६,५२५. पिन अजूनही सहा अंकीच दिसते. पण चोराला दहा लाखांऐवजी छत्तीस हजारच तपासायच्या आहेत. त्याला वयाचा अंदाज असेल तर आणखी कमी. लांबी तीच, मोल मात्र सत्तावीस पटींहून अधिक घटले.

म्हणजे किल्लीचे मोल ती किती लांब दिसते यावर ठरत नाही. ती किती शक्यतांमधून, सारख्याच संभाव्यतेने, निवडली गेली यावर ते ठरते. आणि हे मोजायचे ते चोराच्या बाजूने. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच असे मांडले होते की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी ती टिकली पाहिजे. गुप्त राहायची ती फक्त किल्ली. याचा एक भाग आपण विसरतो. किल्ली तयार करण्याची पद्धतसुद्धा शत्रूला ठाऊक आहे असेच धरायला हवे. 'मी जन्मतारीख वापरली हे त्याला कसे कळणार?' हा बचाव येथे चालत नाही.

या एका कसोटीवर किल्ली निवडण्याच्या निरनिराळ्या पद्धती तपासून पाहू.

मनाने निवडणे

पहिली पद्धत सर्वांत जुनी: मनाला येईल ते घेणे. ती किती लंगडी आहे हे वर्गात दहा मिनिटांत दाखवता येते. अर्ध्या मुलांना नाणे शंभर वेळा उडवून छापा-काट्याची रांग लिहायला सांगावे. उरलेल्यांनी नाणे न वापरता, मनानेच तशी रांग लिहावी. मग कागद मिसळून शिक्षकांनी ओळखावे की कोणते खरे आणि कोणते मनाचे. युक्ती सोपी आहे. खऱ्या रांगेत ओळीने पाच किंवा अधिक छापे, अथवा तितकेच काटे, जवळजवळ खात्रीने सापडतात. मनाने लिहिणारा मात्र तीन-चार छापे झाले की अस्वस्थ होतो आणि काटा लिहून टाकतो. त्याला वाटते, आपण नियम टाळतो आहोत. प्रत्यक्षात तो एक नियम पाळत असतो.

परवलीच्या शब्दांचेही असेच होते. आवडते नाव, त्यापुढे वर्ष, शेवटी उद्गारचिन्ह, ही रचना प्रत्येकाला स्वतःची कल्पना वाटते. चोराच्या यादीत ती सर्वांत वर असते. किल्लीसाठी माणसाचे मन हे साधन म्हणून बाद समजावे.

घड्याळाकडून उसने घेणे

मग यंत्राकडे वळावे. पण संगणक दिलेले नियम तंतोतंत पाळतो. तेच बीज दिले की तीच संख्या निघते. म्हणून बीज कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच, आणि सर्वांना प्रथम सुचते ते घड्याळ.

१९९५ मध्ये नेटस्केप हा जगातला आघाडीचा ब्राउझर होता. इंटरनेटवरून खरेदी करताना क्रेडिट कार्डाचा क्रमांक सुरक्षित राहावा म्हणून त्यात संदेश झाकण्याची सोय होती. अमेरिकेतल्या आवृत्तीत किल्ली १२८ बिटांची होती. बर्कले येथील विद्यापीठातल्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी त्या कार्यक्रमाची चिरफाड केली. त्यांना दिसले की किल्लीचे बीज तीन गोष्टींपासून बनते: त्या क्षणाची वेळ आणि संगणकावर चालू असलेल्या कामांना दिलेले दोन क्रमांक. त्याच संगणकावर ज्याचे खाते आहे त्याला ते दोन क्रमांक सहज पाहता येत. संदेश केव्हा गेला यावरून सेकंदही कळत. अज्ञात राहत असे ते फक्त सेकंदाच्या आतले मायक्रोसेकंद, आणि ते दहा लाखच असतात. एवढ्या शक्यता तपासायला त्या काळच्या संगणकालाही एक मिनिट पुरत असे.

१२८ बिटांची किल्ली, पण शक्यता दहा लाख, म्हणजे सुमारे २० बिट. आपल्या सहा अंकी पिनइतक्याच. नेटस्केपने ही पद्धत तातडीने बदलली. पण या प्रकरणातला आणखी एक दोष आम्हांला मोठा वाटतो. किल्ली बनवण्याची ही पद्धत कंपनीने उघड केलेली नव्हती. विद्यार्थ्यांना ती यंत्रभाषेतून शोधून काढावी लागली. झाकलेली पद्धत तपासली जात नाही, आणि न तपासलेल्या पद्धतीतला दोष सज्जनांच्या आधी चोराला सापडू शकतो.

सूत्राने संख्या काढणे

तिसरी पद्धत म्हणजे गणिती सूत्र. लहान उदाहरण फळ्यावर करता येईल. एक संख्या घ्यावी, तिला ५ ने गुणावे, ३ मिळवावेत, १६ ने भागून बाकी घ्यावी, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. ७ पासून सुरुवात केली तर ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२ अशी रांग निघते. पाहणाऱ्याला ती अव्यवस्थित वाटते. पण सूत्र माहीत असलेल्याला एक संख्या कळली की पुढची सगळी रांग हातात येते.

आपले रोजचे संगणकीय कार्यक्रम जी यादृच्छिक संख्या देतात, ती याच जातीच्या पण फार सुधारलेल्या सूत्रांनी. पायथन भाषेतला नेहमीचा 'रँडम' विभाग 'मर्सेन ट्विस्टर' नावाचे सूत्र वापरतो. जपानमधील मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी ते १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची रांग पुन्हा सुरुवातीवर यायला लागणारा काळ कल्पनेपलीकडचा आहे, आणि संख्याशास्त्राच्या बहुतेक चाचण्या ते उत्तम रीतीने पार करते. हवामानाचे प्रतिरूप किंवा फाशांचा खेळ यांसाठी ते अगदी योग्य. पण त्याने दिलेल्या ३२ बिटांच्या ओळीने ६२४ संख्या कुणी पाहिल्या, तर पुढच्या सर्व संख्या त्याला अचूक काढता येतात. खेळासाठी निर्दोष असलेले हे साधन किल्लीसाठी निरुपयोगी आहे.

येथे एक गैरसमज स्पष्टच सांगायला हवा. 'आमच्या संख्या सर्व संख्याशास्त्रीय चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या' हे प्रशस्तिपत्र किल्लीच्या बाबतीत अपुरे असते. पायचे दशांश अंक अशा चाचण्यांत उत्तम गुण मिळवतात. म्हणून कुणी पायच्या एखाद्या स्थानापासूनचे चाळीस अंक किल्ली म्हणून घेतले तर? चोराला चाळीस अंक ओळखायचेच नाहीत. कोणत्या स्थानापासून सुरुवात केली तेवढे ओळखायचे आहे. संख्याशास्त्रीय चाचणी रांगेचा चेहरा पाहते. किल्लीसाठी तपासायचा असतो तिचा जन्म.

पायथनमध्ये किल्ली, परवलीचे शब्द, गुप्त चिन्हे यांसाठी 'सीक्रेट्स' नावाचा वेगळा विभाग २०१६ पासून आहे. तरीही 'परवलीचा शब्द बनवा' हा सराव शिकवताना 'रँडम' वापरलेला आम्ही वरचेवर पाहतो. विद्यार्थ्याच्या वहीत तो निरुपद्रवी असतो. पण त्याच वहीतल्या ओळी पुढे नोकरीत उतरतात. शिक्षकाने फक्त एक शब्द बदलला तर हा धोका टळतो, म्हणून हा मुद्दा आम्ही किरकोळ मानत नाही.

दोन ओळी बाद झाल्या तेव्हा

पद्धत चांगली असली म्हणजे झाले, असेही नाही. ती अमलात आणताना काय होऊ शकते याचा धडा डेबियन या प्रसिद्ध मुक्त संगणक-प्रणालीने दिला. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्या एका कार्यकर्त्याने 'ओपनएसएसएल' या सुरक्षा-संग्रहातल्या दोन ओळी बाद केल्या. चुका शोधणारी एक तपासणी-सुविधा त्या ओळींबद्दल कुरकुर करत होती, आणि तिला गप्प करणे हाच हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण त्यांतली एक ओळ गोळा केलेली सगळी अनिश्चितता बीजात मिसळणारी होती. ती गेल्यावर बीजात उरला फक्त चालू कामाचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जात असे.

यानंतर जवळजवळ वीस महिने, एका प्रकारच्या संगणकावर, एका लांबीच्या, फार तर ३२,७६७ वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. किल्ली १०२४ बिटांची मागा की ४०९६ बिटांची, आकडा तोच. सेकंदाला एक या सावकाश गतीने तपासल्या तरी त्या सव्वानऊ तासांत संपतात. अर्जेंटिनाचे लुसियानो बेलो यांनी दोष शोधला आणि मे २००८ मध्ये तो जाहीर झाला. जगभरच्या व्यवस्थापकांना त्या काळातल्या किल्ल्या रद्द करून नव्या कराव्या लागल्या.

आम्हांला यातली विचार करण्यासारखी गोष्ट ही वाटते की वीस महिने काहीही बिघडल्याचे दिसले नाही. पूल वाकडा बांधला तर तडा दिसतो, औषध चुकले तर रोगी सांगतो. वाईट किल्ली मात्र कुलूप नेहमीसारखेच उघडते आणि लावते. तिचा दोष वापरताना कळत नाही. म्हणूनच येथे 'चालते ना, मग झाले' ही वृत्ती इतर कोणत्याही क्षेत्रापेक्षा अधिक घातक ठरते.

यंत्राचा पहिला क्षण

चौथे उदाहरण गणिताच्या शिक्षकांनी आवर्जून वर्गात न्यावे असे आहे. आरएसए या पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्या निवडून त्यांचा गुणाकार जाहीर करतात. मूळ संख्या गुप्त राहतात. गुणाकार जाहीर असूनही त्याचे अवयव पाडणे अतिशय अवघड, यावर सारी सुरक्षितता उभी असते.

पण समजा, दोन वेगवेगळ्या यंत्रांनी चुकून एक मूळ संख्या सारखीच निवडली. एकाचा गुणाकार ११,४१३ आणि दुसऱ्याचा १२,८२७. यांचे अवयव पाडायला सांगितले तर मुले बराच वेळ झगडतील. पण दोघांचा मसावि काढायला सांगा. १२,८२७ मधून ११,४१३ वजा केले की १,४१४ उरतात. ११,४१३ ला १,४१४ ने भागले की बाकी १०१. आणि १,४१४ ला १०१ ने पूर्ण भाग जातो. मसावि १०१. तीन पायऱ्यांत दोन्ही कुलपे उघडली: ११,४१३ म्हणजे १०१ गुणिले ११३, आणि १२,८२७ म्हणजे १०१ गुणिले १२७. संख्या शेकडो अंकी असल्या तरी युक्लिडची ही रीत संगणकावर क्षणात उत्तर देते. अवयव पाडणे अवघड, मसावि काढणे सोपे, हा भेद इतक्या ठळकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि खरोखरच काढले. सुरक्षित संपर्क पुरवणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे अर्धा टक्का यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांच्या हाती लागल्या. ती बहुतेक राउटरसारखी छोटी उपकरणे होती. असे उपकरण पेटीतून काढून प्रथम चालू केले की लगेच किल्ली बनवते. त्याला कळफलक नाही, माउस नाही, फिरणारी तबकडी नाही. पहिल्या क्षणी त्याच्याजवळ अनिश्चितता जवळपास नसतेच, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन उपकरणांची आतली स्थिती सारखी असते आणि पहिली मूळ संख्या सारखीच निघते. दुसरी शोधेपर्यंत घड्याळ एखादा टोला पुढे सरकलेले असते आणि दुसरी संख्या वेगळी येते. मसाविने पकडायला नेमके एवढेच पुरते.

शिक्का आणि विश्वास

'मग तज्ज्ञांनी प्रमाणित केलेली पद्धत घ्यावी,' असे कुणी म्हणेल. सल्ला बरोबर आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. दोन प्रकरणे पुरेशी आहेत.

स्मार्ट कार्डातल्या छोट्या चिपवर मूळ संख्या शोधायला वेळ लागतो. तो वाचवण्यासाठी इन्फिनिऑन या कंपनीच्या संग्रहात मूळ संख्या एका ठराविक साच्यातल्याच घेतल्या जात. चिपांना सुरक्षिततेची मान्यवर प्रमाणपत्रे होती. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या साच्यामुळे शक्यता इतक्या घटतात की काही लांबीच्या किल्ल्यांचे अवयव पाडणे आवाक्यात येते. शिवाय जाहीर किल्लीकडे पाहूनच ती या साच्यातली आहे हे क्षणात ओळखता येई. एस्टोनियाच्या साडेसात लाखांच्या आसपास नागरिकांच्या ओळखपत्रांत याच चिपा होत्या. त्या देशात मतदान, करभरणा, सही हे सारे त्या पत्रावर चालते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारला त्या पत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. वेग वाढवण्यासाठी केलेली एक काटकसर एका राष्ट्राच्या व्यवहारापर्यंत पोचली ती अशी.

दुसरे प्रकरण अधिक अप्रिय आहे. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने, निस्टने, २००६ मध्ये यादृच्छिक संख्यांच्या चार पद्धती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केल्या. त्यांतली 'ड्युअल ईसी' ही पद्धत इतरांपेक्षा मंद होती. तिच्यात वक्रावरचे दोन ठराविक बिंदू दिले होते, पण ते कसे निवडले याचा पडताळा घेण्याची सोय नव्हती. २००७ मध्ये डॅन शुमोव आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवले की त्या दोन बिंदूंमधले गुप्त नाते ज्याला माहीत असेल, त्याला पद्धतीतून निघालेल्या अवघ्या ३२ बाइटांच्या आधारे पुढच्या सर्व संख्या काढता येतील. असे नाते कुणाकडे आहे, असा आरोप त्यांनी केला नव्हता. पण २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरच्या वृत्तांतून अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेकडे बोट गेले. निस्टने त्याच वर्षी ती पद्धत न वापरण्याचा सल्ला दिला आणि पुढे ती प्रमाणातून काढून टाकली.

यावरून सर्व प्रमाणे त्याज्य ठरवणे उतावीळपणाचे होईल. त्याच प्रमाणातल्या उरलेल्या तीन पद्धती आजही चालू आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोष २००७ मध्येच चारचौघांत मांडला गेला होता, तरी पद्धत आणखी सहा वर्षे प्रमाण म्हणून राहिली. शिक्का पाहून थांबायचे नसते. 'हा आकडा कुठून आला?' हा प्रश्न विचारायचाच असतो. आपण विद्यार्थ्यांना प्रयोगवहीत निरीक्षणाचा उगम लिहायला लावतो तो याचसाठी.

मग निवडावे काय?

इतकी टीका केल्यावर योग्य पद्धत सांगणे आमचे कर्तव्य आहे. आजच्या संगणकांवर उत्तर बऱ्यापैकी साधे आहे: स्वतःची पद्धत रचू नये, संगणक-प्रणालीच्या गाभ्यातल्या यादृच्छिक संख्यांच्या सोयीकडे मागणी करावी. हा गाभा उपकरणांकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळांतला सूक्ष्म फरक, चिपमधला विद्युत गोंगाट अशा भौतिक घडामोडींतून अनिश्चितता गोळा करतो, ती एकत्र मिसळतो, आणि तिच्या बीजावर गुप्तलेखनासाठीच घडवलेले सूत्र चालवतो. अशा सूत्रात पुढे आलेल्या संख्यांवरून आतली स्थिती काढता येत नाही. लिनक्समध्ये २०१४ पासून अशी सोय आहे की पुरेशी अनिश्चितता जमेपर्यंत संगणक मागणाऱ्याला थांबवून ठेवतो. राउटरांच्या पहिल्या क्षणाचा आजार नेमका येथे बरा होतो.

अनेक उगम एकत्र मिसळण्यामागचे तत्त्व सुंदर आहे आणि सातवीच्या वर्गातही सांगता येते. दोन मुलांनी एकमेकांना न दाखवता ० ते ९ मधला एकेक अंक लिहावा आणि बेरजेचा एककाचा अंक घ्यावा. एकाने नेहमी ७ च लिहिले तरी दुसऱ्याने अंक खरोखर चिठ्ठी काढून लिहिला असेल, तर उत्तर दहाही अंकांत सारखेच वाटले जाते. एक उगम वाईट निघाला तरी, दुसरा त्यापासून स्वतंत्र आणि चांगला असेल, तर मिश्रण सुरक्षित राहते. एका इंटरनेट कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कचेरीत रंगीत द्रवाच्या दिव्यांची भिंत आहे आणि त्यांच्या छायाचित्रांतून अनिश्चितता मिळवली जाते. वृत्तपत्रे त्या दिव्यांचे कौतुक करतात. आमच्या मते दिवे हा अनेकांतला एक उगम आहे; श्रेय द्यायचेच तर मिश्रणाला द्यावे.

आणि जी किल्ली माणसाने डोक्यात ठेवायची आहे, तिचे काय? तेथे मन वापरायचे नाही हे ठरले. फासे वापरावेत. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली रीत अशी: ७,७७६ शब्दांची क्रमांक घातलेली यादी करायची आणि पाच वेळा फासा टाकून एक शब्द निवडायचा, कारण ६ चा पाचवा घात ७,७७६. असे सहा शब्द घेतले की सुमारे ७७ बिटांचे मोल मिळते. यादी चोराच्या हाती पडली तरी हे मोल कमी होत नाही. केर्कहॉफ्स यांची अट येथे अक्षरशः पाळली जाते.

शाळेत याची छोटी आवृत्ती करता येईल. चार फाशांसाठी १,२९६ शब्द लागतात. वर्गातल्या चाळीस मुलांनी प्रत्येकी तेहेतीस सोपे मराठी शब्द आणले की पुनरुक्ती झालेले गाळून जवळपास यादी भरते. उरलेले शिक्षकांनी घालावेत. एका शब्दाचे मोल सुमारे १०.३ बिट, म्हणजे सहा शब्दांचे ६२. फासा खोटा असल्याची शंका आली तर जॉन फॉन नॉयमान यांची युक्ती सांगावी. वाकडे नाणे दोनदा उडवायचे. छापा-काटा आला तर शून्य, काटा-छापा आला तर एक, दोन्ही वेळा सारखेच पडले तर सोडून द्यायचे. नाणे शंभरात साठ वेळा छापा देत असले तरी छापा-काटा आणि काटा-छापा यांची संभाव्यता सारखीच, ०.२४, राहते. वाकड्या नाण्यातून सरळ निर्णय निघतो.

शेवटी पुन्हा त्या वाक्याकडे. ते पुसून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. त्याला उत्तरार्ध जोडावा एवढेच म्हणतो. 'ही किल्ली १२८ बिटांची आहे' असे फळ्यावर लिहिल्यावर खाली लिहावे: 'ती किती शक्यतांतून निवडली, आणि हे तुम्हांला कसे कळले?' पहिल्या ओळीचे उत्तर घातांकाच्या पाठात आहे. दुसऱ्या ओळीचे उत्तर देता येईना, तर पहिल्या ओळीवर विसंबू नये, हे मुलांना शाळेतच कळलेले बरे.